दोन डोक्यांचा गिटारवाला

माझ्या नातीचा चेहरा बघायचा असेल तर मला तिच्या कानाकडे बघावं लागतं. डोळ्यांच्या मधोमध डाग पडलाय. जिथं सरळ बघावं तिथं धुरकट काळं, आणि त्याच्या भोवतीनं जग शाबूत. उजवा डोळा गेल्यात जमा आहे. डाव्यात अधूनमधून सुई टोचून घेते, तेवढीच मुदतवाढ. डॉक्टर म्हणाले, "आजी, कडेची नजर राहील तुमची." मी म्हटलं, "म्हणजे आता जन्मभर चोरून बघायचं. सवय हाय मला." ते हसले. मी घरी आले, तोंडावर पदर घेतला आणि दुपारभर उठले नाही.

हे आधी सांगून टाकलं, कारण पुढं मी एका मासिकाच्या मुखपृष्ठाबद्दल लई शहाणपणानं बोलणार आहे. ज्या बाईला मुखपृष्ठाच्या मधला भाग दिसत नाही, तिचं हे शहाणपण आहे, एवढं ध्यानात असलेलं बरं.

मासिक माझ्या नातीचं. मुलगा आणि सून वरच्या मजल्यावर राहतात, नात खाली माझ्याजवळ. ती रॉक संगीताचं मराठी मासिक काढते. म्हणायला मासिक, निघतं तीन-चार महिन्यांनी. आपल्याकडच्या गावांत पत्र्याच्या शेडमध्ये, गोठ्यात, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत जी पोरं गिटार आणि ड्रम बडवतात, त्यांच्यावर ती लिहिते. मोडनिंबचा एक पोरगा डाळिंबाच्या रिकाम्या क्रेटवर ड्रमचा सराव करतो, त्याची मुलाखत तिनं येणाऱ्या अंकासाठी घेतली. मला वाचून दाखवली तेव्हा मी हसता हसता रडले. पण तिचं लिहिलेलं वाचतो आम्ही दोघीच. आधीचे अंक बहुतेक तिच्या कॉटखाली आहेत. झाडू घातला की गठ्ठ्याला लागतो.

विक्रीची जागा एकच, सोलापूरच्या सात रस्ता चौकातला पेपरवाला. त्याच्या दुकानापुढं दोरी ताणलेली असते आणि तिला चिमट्यांनी मासिकं, पुस्तकं टांगलेली. त्याच्या गुडघ्यापाशी एक लाकडी खोकं असतं, त्यात राशिभविष्याच्या पुस्तिका उभ्या खोचलेल्या. त्या तो बाहेर टांगत नाही, कारण लोक पळवतात. भविष्य जाणून घ्यायला माणूस चोरीसुद्धा करतो, असं त्याचं म्हणणं.

तिसरा अंक परत घ्यायला आम्ही गेलो तेव्हा तो नातीला म्हणाला, "पोरी, लोक बघत्यात. बघायला काय जातंय? नजर फुकट असती. हात कोण लावत न्हाय. हात लागला की अर्धं गिऱ्हाईक झालं."

"काका, अजून एक अंक ठेवा ना."

"ठेवतो. पण हात लागला न्हाय तर चिमटा काढणार. तुझ्या जागेसाठी स्पर्धा परीक्षावाले रांग लावून उभे हायत."

नातीनं त्या दिवसापासून जेवण सोडल्यासारखं केलं. भाकरीचा तुकडा मोडायची, आमटीत बुडवायची आणि तसाच ठेवायची. तिच्या बापानं चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात तिची नोकरी बघून ठेवलेली. पुठ्ठ्याच्या खोक्यांवर 'हा भाग वर' आणि बाणाचं चित्र जुळवून द्यायचं. वाईट नोकरी नाही. पण ती मला म्हणाली, "आज्जी, चौथा अंक दोरीवरून उतरला की मी बंद करणार. परत गिटारचं नाव काढणार नाही." ज्या आवाजात म्हणाली तो आवाज मी ओळखते. एकदा तो लागला की माणूस खरंच नाव काढत नाही. माझ्या घशातनंही तो एकदा निघाला होता. त्याकडे येतेच.

चौथ्या अंकाचं मुखपृष्ठ तयार झालं म्हणून तिनं लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला. मी सरळ बघितलं, काळं. ते रोजचंच. मान डावीकडं केली, काळं. उजवीकडं केली, काळं. खाली-वर केली, काळंच.  "गेला गं डावा पण," म्हटलं आणि मी चक्क भोकाड पसरलं.

"आज्जी! ए आज्जी, थांब! कव्हरच काळं आहे!"

डोळे पुसून मी परत बघितलं. काळ्यावर काळी कवटी. तिच्यावर करड्या रंगात कोळ्यानं जाळं विणल्यासारखं काहीतरी.

"हे काय?"

"मासिकाचं नाव."

"वाचता येत न्हाय की."

"मुद्दाम. या संगीतात नाव असंच लिहितात."

"मग वाचायचं कुणी?"

"ज्यांना माहीत आहे त्यांनी."

"ज्यांना माहीत हाय ते घरी बसून फोनवर बघत्यात. आणि हे दोरीवर टांगलं तर लोक म्हणतील, पेपरवाल्यानं तवा वाळत घातलाय."

ती हसली नाही. पूर्वी हसली असती. तिनं मला शांतपणे समजावलं. अशी गुंतवळ अक्षरं म्हणजे कुलूप असतं, आणि ज्याला ते उघडतं त्याला वाटतं, हे माझ्याचसाठी केलंय. हे तिला मला शिकवायची गरज नव्हती. त्या कुलपात मी तिच्या बापाच्या जन्माआधी बोट अडकवून घेतलेलं आहे.

आता त्या बयेची, म्हणजे माझीच, ओळख करून देते. वय एकोणीस. चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायला बसणारी. कागदावर बारीक चौकोनांची जाळी छापलेली असायची. एकेक चौकोन रंगवून मोर, कमळ, हत्ती काढायचे, मग त्यावरनं पुठ्ठ्यांना भोकं पाडत आणि ते पुठ्ठे मागावर चढवत. बया स्वतःला मोठी चित्रकार समजायची. दोन वेण्या घालायची आणि कानामागं पेन्सिल खोचायची. पेन्सिलीची गरज नसली तरी. बाजारात जातानासुद्धा.

तर एकदा किराणावाल्याकडनं शेंगदाण्याची पुडी आली. पुडीच्या कागदावर लांब केसांचा एक गोरा माणूस तोंड फाडून उभा. मला वाटलं, दाढदुखीच्या औषधाची जाहिरात. इंग्रजी येत होतं मला, म्हणजे सही करता येत होती. पण तो माणूस सरळ माझ्याकडं बघत होता. मी चुलीकडं गेले, तो बघतोय. मी दाराकडं गेले, तो बघतोय. डोक्यामागं लाल अक्षरं, आणि डोकं त्या अक्षरांच्या पुढं आलेलं, म्हणजे नाव झाकलं तरी चालेल, माणूस मोठा. नाव झाकायची एवढी मिजास मी कुठं बघितली नव्हती. आमच्याकडं लग्नपत्रिकेत लांबच्या मामाचं नाव जरा खाली आलं तर भांडणं व्हायची.

दुसऱ्या दिवशी परत शेंगदाणे आणले. तिसऱ्या दिवशी परत. आई म्हणाली, "घरात काय हत्ती बांधलाय का?" किराणावाल्याला रेल्वेच्या साहेबांच्या बंगल्यांतनं रद्दी यायची, त्यात ही मासिकं असायची. पुढं त्यानंच दया येऊन अख्खी मासिकं मला दिली. "पोरी, कागद घे, पण शेंगदाणे खाऊन मरशील," म्हणाला.

मी ती मासिकं वाचली नाहीत, नुसती बघितली. रोज. डाव्या कडेला उभ्या ओळीत महत्त्वाचे शब्द का, ते मला कळलं, कारण किराणावाल्याकडं ती एकावर एक सरकवून ठेवलेली असायची आणि तेवढीच पट्टी बाहेर दिसायची. अक्षरं वर्तमानपत्रातनं फाडून चिकटवल्यासारखी का, तर घाईघाईत आणि चोरून केलंय असं वाटावं, म्हणून बघणाराही चोर होतो. एका मुखपृष्ठावर अक्षरांतनं मेण गळत होतं, दुसऱ्यावर वीज कडाडत होती. ते विजेचं मुखपृष्ठ मला पंपाच्या मोटारीची जाहिरात वाटलं होतं, पण तेसुद्धा मी ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलं. आणि गंमत अशी की यातलं एकही गाणं मी ऐकलेलं नव्हतं. ऐकणार कुठं? हे सगळं संगीत मी महिनोन्महिने डोळ्यांनी ऐकलं. हल्ली नातीनं कानात तार घालून त्या मेण गळणाऱ्या अक्षरांच्या मंडळींचं गाणं लावलं, तर ते अगदी पाळणा म्हणावा तसं हळू. मी म्हटलं, "एवढंच होय?" मला जे ऐकू यायचं ते याच्या दसपट मोठ्यानं होतं.

तर या बयेनं ठरवलं, चादरीवर गिटारवाला काढायचा. कमळं पुरे झाली. कारखान्यात नक्षी काढायची एक रीत होती. कागदावर अर्धीच काढायची. उरलेली अर्धी माग स्वतःच आरशासारखी उलटून विणतो, म्हणून मोराच्या समोर मोर येतो आणि हत्तीच्या समोर हत्ती. हे मला माहीत नव्हतं असं नाही. शेकडो मोर काढले होते. पण गिटारवाला समोर आल्यावर बयेच्या डोक्यातनं मागच उडाला. तिनं माणूस काढला, बाहेरच्या बाजूला झुकलेलं डोकं, गिटारचा लांब दांडा, पोट बरोबर मधल्या रेघेवर. मासिकाचं नावही काढलं, बघून बघून, एकेक अक्षर.

चादर मागावरनं उतरली. दोन डोकी, एक पोट, दोन्हीकडं दांडे. वर एका बाजूला इंग्रजी नाव आणि दुसऱ्या बाजूला तेच नाव आरशातलं. सगळा कारखाना गोळा झाला. आमचे मास्तर तेलुगू घरातले, मराठी तोलून बोलायचे. ते चादरीभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "बाळा, हा माणूस भांडतो कोणाशी?" कुणीतरी म्हणालं, दोन खराटे घेऊन झाडतोय. कुणी म्हणालं, पोटात दुखतंय त्याला. मी हसले सगळ्यांबरोबर. घरी येऊन ट्रंक उघडली, झाकणाची चित्रं नखांनी खरवडून काढली, आणि आईला म्हटलं, "मी परत त्या कागदांचं नाव काढणार न्हाय." काढलं नाही. पुढची सगळी वर्षं मोर काढले. कमळं काढली. पेन्सिल कानामागनं काढली ती काढलीच.

ती चादर मास्तरांनी मला देऊन टाकली. विकणार कुणाला? लग्नात ती माझ्याबरोबर आली आणि तेव्हापासून इस्त्रीखाली घालायला आहे.

नातीला मी म्हटलं, "कपाटातनं इस्त्रीची चादर आण."

तिनं आणली आणि पसरली. मी तिच्या कानाकडं बघितलं. तोंड उघडं होतं. इतकी वर्षं त्याच चादरीवर तिचे शाळेचे गणवेश इस्त्री केलेले, पण घडीच्या आत काय आहे ते तिनं कधी बघितलं नव्हतं.

"आज्जी, हे तू काढलंस?"

"एका येडपटानं काढलं. उलटी कर."

सोलापुरी चादरीला उलटी बाजू नसते. उलटवली की तीच नक्षी, फक्त रंग अदलाबदल. पुढं पांढऱ्यावर लाल गिटारवाला, मागं लालवर पांढरा. मी म्हटलं, "पुढचं पान हे, मागचं पान ते. वाऱ्यानं अंक दोरीवर फिरला तरी पाठ दिसणार न्हाय. तोंडच दिसणार."

आम्ही ती चादर गच्चीत नेऊन दुपारच्या उन्हात फोटो काढले. इस्त्रीचे डाग तसेच ठेवले. नात भराभर बोलायला लागली, त्या रात्री दोन भाकरी खाल्ल्या. आणि मला भीती वाटायला लागली. तिची आशा माझ्यामुळं वर चढलेली. पडली तर माझ्याच अंगावर पडणार होती, आणि पडताना मला धड दिसणारही नव्हती.

अंक छापून आला. दोरीवर टांगला त्या दिवशी मी हट्ट करून दुकानात गेले. पेपरवाल्यानं उरलेल्या अंकांच्या गठ्ठ्यासमोर प्लास्टिकचं स्टूल दिलं. "बसा मावशी. पण गिऱ्हाईकाला बोलून बेजार करू नका." नातीला जवळ थांबवेना. ती रस्त्यापलीकडं चहाच्या टपरीवर जाऊन उभी राहिली. मध्ये एसट्या, रिक्षा. तिला आम्ही दिसत नव्हतो आणि तिला तेच हवं होतं.

मी मान वळवून कडेच्या नजरेनं दोरी बघत बसले. खरं सांगते, इतका आटापिटा मी बाळंतपणातसुद्धा केला नाही. काळ्या-पिवळ्या परीक्षांच्या पुस्तकांमध्ये तो पांढरा-लाल तुकडा लांबनं उठून दिसत होता. आणि हात आला! बांगड्यांचा हात. चिमट्याजवळ अंक धरला, उलटा केला, परत सुलटा केला.

"ह्यात डबल बेडची हाय का?"

"काय?"

"चादर. लग्नात द्यायच्या हायत. हा कॅटलॉगच न्हवं?"

 "न्हाय बाई, हे रॉकचं मासिक हाय."

"म्हंजे काय?"

"मोठमोठ्यानं वरडून गाणी म्हणत्यात, त्याचं."

"ते आमच्या घरात रोजच चालतंय," म्हणाली आणि गेली.

मग एक पुरुषाचा हात आला. घाऊक भाव विचारला. मग एकानं विचारलं, रंग जातो का. एका म्हातारीनं तर मुखपृष्ठ दोन बोटांत धरून चोळून बघितलं, कापड कसं आहे ते. सगळ्या जगात हे मुखपृष्ठ कुठंही टांगलं असतं तर लोकांना दोन डोक्यांचा गिटारवाला दिसला असता. सोलापुरात चादर दिसली. हात लागत होते, एकामागून एक, आणि प्रत्येक हात अंक परत सोडत होता. माझ्या डोळ्यांना धार लागली. आहे ती नजरही पाण्यानं गेली. एकोणीस वर्षांची ती बया आठवली, मागाभोवती उभी राहून सगळ्यांबरोबर हसणारी. परत तीच चादर, परत तेच. म्हातारपणी माणूस नव्या चुका तरी करतो. मला तेवढंही जमलं नाही.

तेवढ्यात कुणीतरी अगदी माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. आता हाही भाव विचारणार म्हणून मी पदरानं डोळे पुसले, आणि जन्मभर चोरून बघणारी मी, एकदाच सभ्य बाईसारखं त्याच्याकडं सरळ बघून हसले. त्यानं काही विचारलं नाही. पानं उलटल्याचा आवाज आला. एक. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरं. बसची वाट बघत असेल, असं मला वाटलं. मग एक एसटी आली, गर्दी हलली, समोरचं माणूस गेलं.

उन्हं उतरली तशी नात रस्ता ओलांडून आली. पेपरवाला कसनुसं हसला.

"हात लई लागले पोरी. खोटं बोलणार न्हाय. पण सगळे चादरीचे हात. माझ्याकडं चादर न्हाय."

मी म्हटलं, "तुमीच म्हणाला होता, हात लागला की अर्धं गिऱ्हाईक."

"मावशी, त्या अर्ध्याचं मी काय करू?"

 नातीनं स्वतःच हात वर करून चिमटा काढला. हलक्या हातानं, फोटोवरचा हार उतरवतात तसा. म्हणाली, "काका, गठ्ठा द्या. घेऊन जाते." तोच आवाज.

पेपरवाल्यानं समोरचा गठ्ठा उचलला, अंगठ्यानं फडफडवला आणि थांबला. परत फडफडवला.

"एक कमी हाय."

"कमी कसा?"

"मावशी, तुमी कुणाला दिला का?"

"न्हाय की."

"मग गेला. उचलला कुणीतरी."

 मग नात म्हणाली, "चोरला?" घरात कुणाचं लग्न ठरल्याची बातमी यावी तसं तिनं ते विचारलं. "आज्जी, कुणी गं? तू समोरच होतीस ना? मुलगा होता का मुलगी? कसा होता?"

मी आठवून आठवून दमले. पायातल्या निळ्या चपला दिसल्या होत्या. खांद्याच्या कडेला पिशवीचा बंद. खालच्या बाजूला पान धरलेल्या बोटांची टोकं. मधलं सगळं डागात. एवढ्या दिवसांत एक माणूस मासिक वाचायला आला, आणि मी त्याच्याकडं नीट, सरळ बघितलं, म्हणून तो मला दिसला नाही.

"पान थांबून थांबून उलटत होता," एवढंच मी सांगू शकले. "मधे बराच वेळ एकाच पानावर होता."

"कुठल्या?"

"मला काय माहीत? क्रेटवाला असंल."

पेपरवाल्यानं गठ्ठा तिच्या हातात दिला नाही. तो खाली वाकला, राशिभविष्याच्या पुस्तिका एका बाजूला सरकवल्या आणि अंक त्या खोक्यात उभे खोचले. "चोरीला जाणारा माल मी दोरीवर टांगत न्हाय," तो म्हणाला. "हितं गुडघ्यापाशी राहील. विचारलं तर देईन."

"म्हणजे ठेवताय?" नात म्हणाली.

"ठेवलाच की."

दोरीवर तिच्या जागी लगेच पोलीस भरतीचं पुस्तक चढलं. आमचा गिटारवाला दोन्ही डोक्यांनिशी खोक्यात उभा, पुढून दिसेना, मागून दिसेना. ज्या तोंडासाठी एवढं केलं ते आता कुणालाच दिसणार नव्हतं. सोमवारी चिंचोळीला नोकरीवर जायचं आहे, त्याला नातीनं बापापाशी अजून नकार दिलेला नाही. रिक्षाची वाट बघताना ती खोक्याकडंच बघत होती.

"आज्जी, आता कव्हर कसंही केलं तरी काय उपयोग?"

मीही खोक्याकडं बघितलं. सरळ बघितलं तर काहीच नाही. मान जरा वळवली, तर अंकांच्या कडांच्या पांढऱ्या रेघा दिसल्या, एकाला एक चिकटून. तेवढ्या मात्र स्पष्ट.

"कडा पांढऱ्या हायत," मी म्हटलं. "पुढच्या अंकात प्रत्येक पानाचा रंग पार कडेपर्यंत ने. खोक्यात उभा केला तरी दिसंल."

ती माझ्याकडं वळली असावी. कानातलं हललं.

"कुठला रंग?"

"सांगते. पण लवकर छाप गं."